पारा

भावाशी फोनवर बोलताना मी ‘मस्त’ म्हणाले, एवढंच झालं. भांडण नाही, वाद नाही. गेल्या डिसेंबरचा तिसरा आठवडा होता. सकाळी सोळा किलोमीटर करून आले होते, घामाने ओला झालेला टीशर्ट काढून कोरडा घातला होता, गॅसवर चहाचं आधण होतं आणि बोटं अजून एवढी बधिर की फोन त्यांना ओळखच देईना. शेवटी नाकाने उघडला. भाऊचा मिसकॉल दिसला म्हणून लावला. त्याने विचारलं, काय चाललंय. पळून आल्यावर तासभर माणूस जरा चढलेला असतो, त्या भरात मी बोलून गेले, “अरे काय थंडी पडलीय भाऊ, मस्त! सहा अंश! आज पाय आपोआप पळत होते.” पलीकडून थोडा वेळ काहीच नाही. मग त्याने तोच शब्द परत विचारला, “मस्त?” आणि लगेच, “बरं, ठेवतो. लाईट आलीय.”

माझा भाऊ निफाड तालुक्यात द्राक्षं पिकवतो. एवढं सांगितलं की नाशिककरांना पुढचं सांगावं लागत नाही.

चहा उतू गेला. तो पुसताना मी स्वतःला समजावत होते की त्याला घाई असेल, शेतीची लाईट काय आपल्या सवडीने येते थोडीच. पण तो ‘मस्त?’ दिवसभर कानात राहिला. रागाने विचारलेला असता तर बरं झालं असतं. राग आला की भाऊ सरळ शिव्या देतो आणि मोकळा होतो. हा प्रश्न खरोखरचा प्रश्न होता. हा शब्द थंडीला लावता येतो, हे त्याला नवीनच होतं.

आणि माझ्याकडून विचाराल तर शब्द खरा होता. मी १० किलोमीटर आणि हाफ मॅरेथॉन पळते. हौशी म्हणावं तर वेळेच्या मागे लागलेली, आणि खेळाडू म्हणावं तर वय चौतीस. वर्षाचे आठ महिने नाशिकमध्ये पळणं म्हणजे नुसती तडजोड. एप्रिलमध्ये पहाटे पाचला निघालं तरी सहाला घाम डोळ्यांत उतरतो, आणि ज्या वेगाला डिसेंबरात नाडी एकशेचाळीसवर आरामात बसून असते, त्याच वेगाला एकशेपंचावन्न होते. कारण साधंच आहे. उकाड्यात शरीराला दोन कामं एकदम करावी लागतात, पायांना रक्त पुरवायचं आणि अंग थंड ठेवायला तेच रक्त कातडीकडेही पाठवायचं. थंडीत दुसरं काम जवळजवळ सुटतं. सगळी रसद पायांना. म्हणून दिवाळी उरकली की माझ्यासारख्या माणसांना सण सुरू होतो. पेपर आला की मी आधी तापमानाचा तक्ता बघते. निफाडचा आकडा नेहमीप्रमाणे सगळ्यात खाली असतो, आणि तो जितका खाली तितकं मला बरं वाटतं. आमच्या पळणाऱ्यांच्या ग्रुपवर त्या आकड्याचा फोटो पडतो, खाली आगीची नि बाहूची चित्रं. त्या ग्रुपमध्ये मीही चित्रं टाकलीत. कितीतरी वेळा.

साडेचारला उठते. पाण्याला हात लावायची हिंमत होत नाही म्हणून गिझर चालू होईस्तोवर अंधारातच उभी राहते. पातळ तीन थर घालायचे, जाड एक नाही. वरचा पाच किलोमीटरनंतर कमरेला जातो. हातमोजे लोकरीचे, वहिनीने विणलेले, त्यांचा उजव्या अंगठ्याकडचा भाग नाक पुसून पुसून कडक झालाय, धुतला तरी तसाच. कॉलेज रोडवरून निघून गंगापूर रोडला लागलं की आनंदवल्लीपर्यंत अंग कुरकुरत असतं, पोटऱ्या लाकडासारख्या, नडग्या तक्रार करणाऱ्या. सोमेश्वरच्या पुढे नदीची वाफ रस्त्यावर येते. तिथे एका ठिकाणी रस्ता किंचित खोलगट आहे आणि थंडी तिथे अक्षरशः साचलेली असते. गुडघ्यापर्यंत गार पाण्यात शिरावं तसं वाटतं, शंभर पावलांनी परत बाहेर. त्यानंतर कधीतरी, गंगापूर गाव मागे टाकताना, अंग आतून सुटतं. नेमकं कुठे ते मला अजून पकडता आलेलं नाही. श्वास मोजायचं सोडून दिलेलं असतं आणि आपल्याच बुटांचा आवाज दुसऱ्या कुणाचा तरी वाटायला लागतो.

यात वेग कुठेच नाही, हे मात्र लोकांना सांगून पटत नाही. आमचे सर हिवाळ्यात वेग काढूच देत नाहीत. साडेपाच मिनिटांना किलोमीटर, नाडी एकशेपंचेचाळीसच्या वर गेली तर चालायचं. आठवड्यात एकदाच थोडं जोरात, तेही बोलता येईल इतपतच. बाकी नुसतं अंतर गोळा करायचं. सगळं नाशिक जानेवारीच्या तिसऱ्या रविवारी मुंबईच्या मॅरेथॉनला जातं, सरांनी मला दोन वर्षं जाऊ दिलेलं नाही. “आत्ता खर्च करायचा नाही. मुरू दे,” म्हणतात, लोणच्याबद्दल बोलावं तसं. त्यांच्या बोलण्यात न्यूझीलंडचे आर्थर लिडियार्ड सारखे येतात. बुटांच्या कारखान्यात काम करणारा हा माणूस स्वतःवर प्रयोग करत करत कोच झाला, आणि ८०० मीटर पळणाऱ्या पीटर स्नेललासुद्धा दर रविवारी डोंगरातून २२ मैल पळवायचा. १९६० च्या रोम ऑलिंपिकला स्नेलने ८०० चं आणि त्यांच्याच मरी हॅलबर्गने ५००० चं सुवर्ण एकाच दिवशी घेतलं. हळू पळून पायांच्या स्नायूंत बारीक रक्तवाहिन्या वाढतात, प्राणवायू वापरायची ताकद वाढते, आणि हे काम आठवड्यांत नाही, महिन्यांत होतं. पटतं सगळं. पण ग्राऊंडवर भरतीची पोरं १६०० मीटरचा सराव करत सुसाट शेजारून जातात, एखादा वळून “मावशी, साइड!” म्हणतो, तेव्हा लिडियार्ड मदतीला येत नाहीत. मी मनातल्या मनात त्याला गाठते, मागे टाकते आणि साडेपाचनेच पळत राहते.

इथे जरा आडवाट घेते, कारण ‘थंडीत पळणं’ आणि ‘नाशिक’ म्हटलं की लोक मला हमखास कविता राऊतबद्दल विचारतात. सावरपाड्याची कविता २०१० च्या ऑक्टोबरात दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत १० हजार मीटरला ब्राँझ घेऊन आली, पुढच्याच महिन्यात ग्वांगझूच्या एशियाडमध्ये त्याच शर्यतीत रौप्य. मी तेव्हा कॉलेजात होते, हॉस्टेलच्या टीव्हीसमोर पंचवीस शर्यतफेऱ्या उभ्याने पाहिल्या. नंतर जो तो एकच सांगायचा, डोंगरातून पाणी आणायची म्हणून पाय तयार झाले. मला ही गोष्ट कधी पचली नाही. पाणी माझ्या आईनेही आणलं, तिच्या आईनेही आणलं. हंड्याने मेडल मिळत असतं तर अर्ध्या जिल्ह्याच्या घरात भिंतीवर जागा उरली नसती. भोसला मिलिटरी स्कूलच्या मैदानावर तिचे कोच विजेंद्रसिंग सरांनी वर्षानुवर्षं पहाटे उभं राहून जे करून घेतलं, ते या गोष्टीत कुणी सांगत नाही, कारण ते कंटाळवाणं आहे. रोज तेच मैदान, तीच पहाट, तेच गोल. कष्टाची गोष्ट ऐकायला आवडते. सरावाची ऐकवत नाही.

पण आईच्या पाण्याचा विषय काढला की मला आमच्या बागेतल्या रात्री आठवतात, आणि मग ‘मस्त’ परत टोचायला लागतो.

आमचं गाव नांदूरमध्यमेश्वरपासून सायकलवर अर्ध्या तासाच्या अंतरावर. हल्ली तिथे हिवाळ्यात पक्षी बघायला गाड्या भरून माणसं येतात. २०२० मध्ये ते रामसर स्थळ, म्हणजे जागतिक महत्त्वाची पाणथळ जागा, म्हणून जाहीर झालं, महाराष्ट्रातलं पहिलं. आमच्या लहानपणी ते नुसतं ‘धरण’ होतं आणि हिवाळा म्हणजे नानांचं थर्मामीटर. द्राक्षवेलींच्या मांडवाच्या कोपऱ्यातल्या अँगलला सुतळीने बांधलेलं असायचं, काचेचं, वर कुठल्यातरी औषध कंपनीचं नाव. नाना रात्री दोनदा उठून बॅटरीच्या उजेडात ते बघून यायचे. परत आल्यावर ते काही न बोलता झोपले तर बरं. दाराशी उभं राहून नुसतं “चला” म्हणाले, की आई, भाऊ आणि मी, तिघंही उठायचो. घराच्या मागे छाटणीच्या काड्या, उसाचं पाचट, भुसा रचून ठेवलेला असायचा. ओळींच्या तोंडाशी पाटीपाटीने ढीग घालायचे, पेटवायचे आणि भडकला की लगेच वरून ओलं टाकायचं, कारण ज्वाळ नको असते, धूर हवा असतो. धूर मांडवाखाली पसरून बसला तर एखाददुसरा अंश वाचतो. विहिरीचं पाणी हिवाळ्यात कोमट असतं, म्हणून लाईट असली तर ठिबक सोडायचं. लाईट नसलीच तर बसायचं. मी आणि भाऊ एका ढिगाशी उकिडवे बसायचो, समोरून भाजायचं, पाठीमागून गोठायचं, मग उलटं फिरायचं. भाकरी शेकावी तसं.

माझी पहिली तालुक्याची शर्यत अशाच एका रात्रीनंतर झाली. तीनला उठलेले, सातला शाळेच्या जीपमध्ये. आंघोळीला वेळ नव्हता. जीपमध्ये एका मुलीने नाक धरलं आणि म्हणाली, शेकोटी आली. नाव पडलं ते पडलंच, दहावीपर्यंत. मी त्या दिवशी तिसरी आले. पळताना केसांतून धुराचा वास येत होता आणि मला तो माझ्या पुढच्या दोघींपेक्षा जास्त पळवत होता, त्याच्यापासून लांब जायला. आज मी नाशिकमध्ये राहते, हे त्या पळण्याचंच पुढचं टोक आहे, हे मला कळतं. कुणी विचारलं तर मी नोकरी सांगते.

एका वर्षीचा जानेवारी मात्र विसरता येत नाही. मण्यांत नुकतं पाणी उतरलं होतं, म्हणजे ते मऊ पडून गोडीला लागले होते. बाहेरून बघायला बाग इतकी सुंदर की आई रोज दृष्ट काढायची. दोन रात्री पारा घसरला, दोन्ही रात्री आम्ही धूर केला, तिसऱ्या सकाळी नाना एक घड हातात घेऊन ओसरीवर आले. मण्यांना देठाकडून बारीक उभ्या चिरा गेलेल्या, बारीक ब्लेडने मारल्यासारख्या. त्यातून रस आला होता आणि त्यावर एक मधमाशी बसली होती, थंडीने तिलाही उडता येत नव्हतं. दुपारी ऊन चढलं तसा बागेतून गोड-आंबूस वास यायला लागला. मला तो वास आवडला होता. हे मी कधी कुणाला सांगितलेलं नाही. जो व्यापारी सौदा करून गेला होता तो परत आला नाही, माल बेदाण्याच्या भावात गेला. नानांनी त्या वर्षी एकच गोष्ट रद्द केली नाही. मार्चमध्ये मला स्पाइक घेऊन दिले, निळे, एक नंबर मोठे, पुढच्या वर्षीही होतील म्हणून. बोटांपुढे कापूस भरून मी ते दोन हंगाम वापरले.

तर, ‘मस्त’ म्हटल्यानंतरच्या शनिवारी मी सरांना सांगितलं की उद्याचा लाँग रन गावाला करते. अठ्ठावीस किलोमीटर होते. कॅनॉलच्या कडेचा रस्ता मुरमाचा, सपाट, गुडघ्यांना बरा. हे सगळं खरंच होतं. भाऊला मात्र काही बोलले नाही. तोही नाही. जेवताना त्याने मला दोनदा तूप वाढलं, त्यावरून मी ओळखलं की तोही त्या फोनचाच विचार करतोय.

साडेतीनला जाग आली ती दाराच्या कडीने. बाहेर आले तर वहिनी माकडटोपीत, हातात रॉकेलची बाटली. “तुम्ही झोपा ताई, तुम्हाला पळायचंय.” मी बूट घातलेच होते. थर्मामीटर आता डिजिटल आहे, पण बांधलंय त्याच अँगलला, सुतळीनेच. ५.८. भाऊ वाकून एका ढिगाला फुंकर घालत होता. मला बघून म्हणाला, “तायडे, तिकडच्या चार ओळी घे,” जणू मी मधली सोळा वर्षं रोजच येत होते. हाताला सगळं आठवत होतं, पाचट किती, भुसा किती, ओलं कधी. फक्त एक नवीन होतं. घडांना कागद गुंडाळलेले. थंडीने पांढऱ्या द्राक्षाचा मणी गुलाबी पडतो, पिंक बेरी म्हणतात, आणि गुलाबी माल एक्स्पोर्टला चालत नाही. म्हणून पाणी उतरायच्या आधीच एकेक घड वर्तमानपत्रात बांधायचा. एकरात हजारो घड. बॅटरी वर मारली की मांडवभर जुन्या बातम्या लटकलेल्या. एका घडावर तापमानाचाच तक्ता आला होता, पुणे, महाबळेश्वर, निफाड. मी बॅटरी खाली केली.

धूर वर जात नव्हता. डोक्याएवढ्या उंचीवर सपाट पसरला होता, त्याच्या वर चांदण्या आणि खाली आम्ही तिघं खोकत. सव्वासहाला पूर्व उजळली तेव्हा भाऊ एका क्रेटवर बसला, हात मांड्यांखाली घालून. मी शेजारी. आता सॉरी म्हणावं की नको, असं मनात चाललं होतं. आमच्यात तसं म्हणायची पद्धत नाही.

“किती पळायचंय आज?” त्याने विचारलं.

“अठ्ठावीस.”

“मग बसलीस काय? ऊन चढलं की तुझं नुकसान.”

मी त्याच्याकडे बघितलं. तो समोर पूर्वेकडेच बघत होता. त्याला ते ऊन रात्रभर हवं होतं.

गेले. छाती धुराने जड, पहिल्या चार किलोमीटरला नाडी एकशेपन्नास, सरांनी बघितलं असतं तर थांबवलं असतं. कॅनॉलचं पाणी वाफाळत होतं, बगळे काठावर एका पायावर. डाव्या हाताला बागांमागून बागा आणि प्रत्येक बागेवर तोच सपाट धूर, कुठे पातळ, कुठे दाट. एका बांधावर एक म्हातारबा पाटी उपडी टाकत होते, मला बघून त्यांनी हात वर केला. राम राम होता की ‘हे काय वेड’ होतं, कळलं नाही. चौदाव्या किलोमीटरला वळले तेव्हा सूर्य वर आला होता आणि परतीला सबंध वेळ तोंडावर होता. अंग तापलं, जॅकेट कमरेला गेलं, विसाव्या किलोमीटरनंतर पाय जड झाले. दर अर्ध्या किलोमीटरला वाटायचं, ढग यावा. आणि लगेच वाटायचं, नको. त्या रविवारी मी सव्वीसच केले, उरलेले दोन चालत. घरी आले तेव्हा भाऊने एका घडाचा कागद सोडवून ठेवला होता. मणी हिरवे, टणक. एक तोडून दिला. दात आंबले.

“अजून पंधरा दिवस,” म्हणाला.

त्या हंगामात त्याचा माल बऱ्यापैकी गेला, माझी फेब्रुवारीतली शर्यत बऱ्यापैकी गेली. दोघांनाही ‘बऱ्यापैकी’वर अजून समाधान नाही. पण तेव्हापासून एक सुरू झालंय. थंडी पडली की भाऊ पहाटे मला थर्मामीटरचा फोटो पाठवतो. मजकूर नाही, नुसता आकडा, मागे काळोख, सुतळीचं टोक. सुरुवातीला मला कळेना याला उत्तर काय द्यायचं. अंगठा दाखवणं बरं दिसत नव्हतं, रडका चेहरा त्याहून खोटा. मग मी पळून आल्यावर त्या दिवसाचे किलोमीटर लिहून पाठवायला लागले. त्याचा आकडा, माझा आकडा. वहिनी म्हणते, तुम्ही दोघं सट्टा लावता की काय.

आज पहाटे बूट बांधताना फोन वाजला. गेले चार दिवस ढगाळ आहे, खिडकी उघडी ठेवून झोपले होते आणि तरी पांघरूण नको झालं होतं. मी समजून चुकले होते की आजचा रन चिकट, जड जाणार. फोटो उघडला. पारा १३ वर. भाऊने आज पहिल्यांदाच खाली काहीतरी लिहिलं होतं.

‘तुला चालेल का?’